मॅन्युअल कप्प्यात आणि बिल हातात

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘जुन्या गाड्या दणकट होत्या, आताच्या नाजूक आणि खर्चिक’ असा सूर असलेली पत्रे आपल्या पत्रव्यवहाराच्या सदरात अधूनमधून वाचायला मिळतात. त्यात अर्धे तथ्य आहे. कार्ब्युरेटरच्या काळात मिस्त्री कानाने आवाज ऐकून स्क्रू अर्धा फेरा फिरवायचा आणि गाडी लायनीवर यायची. आज साध्या डिझेल कारच्या कॉमन रेलमध्ये, म्हणजे सगळ्या इंजेक्टरांना डिझेल पुरवणाऱ्या नळीत, १६०० बारच्या पुढे दाब असतो, तिथे कानाचा आणि पेचकसाचा उपयोग नाही. पण म्हणून आताचे इंजिन कच्चे असते असे नव्हे. जुने इंजिन चुकीचे ऑइल, भेसळीचे इंधन, चुकीचा वापर असे सगळे पोटात घालत असे. नवे इंजिन घालत नाही. गॅरेजमध्ये येणारी बरीच महागडी कामे दोन कारणांनी येतात. एक, वापर एक प्रकारचा आणि गाडी दुसऱ्या प्रकारची घेतलेली असते. दोन, गाडीसोबत मिळणाऱ्या मॅन्युअलमध्ये (माहितीपुस्तकात) लिहिलेले काम झालेले नसते आणि न लिहिलेल्या कामाचे पैसे मोजलेले असतात.

आधी खरेदीचे पाहू. ‘रनिंग जास्त असेल तर डिझेल घ्या’ हा सल्ला घरोघरी दिला जातो. हिशेब मांडून पाहावा. एकाच मॉडेलच्या पेट्रोल आणि डिझेल गाडीत सव्वा लाखाचा फरक धरा. पेट्रोल १०४ रुपये आणि अॅव्हरेज १४, डिझेल ९१ रुपये आणि अॅव्हरेज १८ धरा. किलोमीटरमागे खर्च सुमारे ७ रुपये ४३ पैसे आणि ५ रुपये ६ पैसे पडतो, म्हणजे फरक २ रुपये ३७ पैशांचा. सव्वा लाख भरून निघायला जवळपास ५३ हजार किलोमीटर लागतात. महिन्याला हजार किलोमीटर चालणाऱ्या गाडीला त्यासाठी साडेचार वर्षे जातील. महाराष्ट्रात डिझेल गाडीचा रस्ता कर पेट्रोलपेक्षा दोन टक्क्यांनी जास्त आहे, तो या हिशेबात धरलेलाच नाही.

तरीही खरा प्रश्न किती किलोमीटर हा नाही, ते कसे होतात हा आहे. १ एप्रिल २०२० पासून देशभर धुराच्या प्रदूषणाचे बीएस-६ मानक लागू झाले आणि डिझेल कारच्या धुराच्या वाटेत डीपीएफ (डिझेल पार्टिक्युलेट फिल्टर) आला. एका आड एक तोंडे बंद केलेल्या बारीक नळ्यांचा हा सिरॅमिकचा ठोकळा धुरातली काजळी अडवतो. अडलेली काजळी मधूनमधून जाळावी लागते. त्याला रीजनरेशन म्हणतात आणि त्यासाठी आत ६०० अंशांच्या आसपास तापमान लागते. हायवेवर एका लयीत चालणाऱ्या गाडीत ते सहज होते. शहरात होत नाही, म्हणून कॉम्प्युटर स्वतःहून इंजिनात उशिराने जादा डिझेल फवारतो. ते पुढच्या कॅटॅलिस्टमध्ये जळते आणि उष्णता वाढवते. या सगळ्याला साधारण पंधरा-वीस मिनिटे सलग चालणे लागते.

आता सकाळी चार किलोमीटरवर मुलांना शाळेत सोडणे, दुपारी बाजार, संध्याकाळी परत चार किलोमीटर असा वापर असलेली डिझेल गाडी डोळ्यांसमोर आणा. दर वेळी रीजनरेशन सुरू होते आणि अर्धवट राहते. न जळलेले जादा डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरते. डिपस्टिकवर ऑइल कमी होण्याऐवजी वाढलेले दिसते, तर मालक ‘बघा, इंजिन ऑइल खात नाही’ म्हणून खूश! प्रत्यक्षात ते पातळ झालेले असते आणि बेअरिंगांना व टर्बोला त्याचा आधार उरत नाही. डिझेल गाडीत ऑइलची पातळी वरच्या खुणेच्या पुढे गेली तर ती गाडी तशीच चालवू नये, ऑइल बदलावे.

रीजनरेशन चालू असल्याची लक्षणे ओळखता येतात. गाडी उभी असताना इंजिनाचे फेरे किंचित जास्त असतात, स्क्रीनवरचे अॅव्हरेज एकदम घसरते, बंद केल्यावरही रेडिएटरचा पंखा फिरत राहतो, तापल्याचा वास येतो. हा बिघाड नव्हे, बंद करण्याची घाई मात्र करू नये. डीपीएफचा दिवा लागला तर त्याच दिवशी गाडी मोकळ्या रस्त्याला काढावी, एक गियर खाली ठेवून २००० ते २५०० फेऱ्यांवर वीसेक मिनिटे न थांबता चालवावी. बहुतेक वेळा दिवा विझतो. त्याकडे दुर्लक्ष केले की पुढे चेक इंजिनचा दिवा लागतो, पिकअप जातो आणि मग स्कॅनर लावून वर्कशॉपमध्येच सक्तीचे रीजनरेशन करावे लागते. तेही चालले नाही तर डीपीएफ उतरवून धुणे किंवा बदलणे, आणि तो खर्च हजार-दोन हजारांत बसत नाही. ‘डीपीएफ काढून सॉफ्टवेअर मारून देतो’ असे सांगणारेही भेटतात. ते बेकायदा आहे आणि वॉरंटीही जाते.

याच डीपीएफमुळे ऑइलचा प्रश्न नाजूक झाला. काजळी जळून जाते, पण ऑइलमधल्या रसायनांची राख जळत नाही, ती ठोकळ्यात कायमची साठते. म्हणून अशा गाड्यांना कमी राखेचे, सी-२ किंवा सी-३ वर्गाचे ऑइल सांगितलेले असते. ट्रकसाठी आणलेल्या बॅरलमधले सीआय-४ प्लस ऑइल ‘डिझेलचेच तर आहे’ म्हणून कारमध्ये ओतले तर इंजिन लगेच काही तक्रार करणार नाही. डीपीएफ मात्र वेळेआधी भरेल.

ज्या गाड्यांना डीईएफ, म्हणजे धूर स्वच्छ करण्यासाठी त्यात फवारायचा द्रव, लागते त्यांच्याबाबत ग्रामीण भागात एक जुगाड चालतो, तो थांबायला हवा. डीईएफ म्हणजे ३२.५ टक्के शुद्ध युरिया आणि बाकी खनिजविरहित पाणी. शेतीच्या युरियाला निंबोळी तेलाचे आवरण असते, त्यात इतर अशुद्धीही असतात आणि बोअरच्या पाण्यात क्षार. हे मिश्रण टाकीत घातले की फवारणीचा नोझल आणि पंप चोंदतो. डीईएफ पूर्ण संपू दिले तर बंद केलेली गाडी पुन्हा सुरूच होत नाही, ती सोय कायद्यासाठी मुद्दाम केलेली आहे.

थोडक्यात, आठवड्यातून एकदाही अर्धा तास हायवे लागत नसेल तर डिझेल घेऊ नये, मग महिन्याचे रनिंग किती का असेना. साताऱ्याहून रोज पुण्याला ये-जा करणाऱ्याने जरूर घ्यावे.

शहरी वापराला सीएनजी परवडतो हे खरे, पण तिथेही गोष्टी लक्षात ठेवायच्या असतात. सिलिंडरमध्ये सुमारे २०० बार दाब असतो आणि त्याची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाखाली तपासणी) दर तीन वर्षांनी करून घेणे बंधनकारक आहे. टेस्टची तारीख असलेली पट्टी गाडीवर असते, जुनी सीएनजी गाडी घेताना ती आधी पाहावी. बाहेरून किट बसवले असेल तर आरसीवर त्याची नोंद हवी, नाहीतर अपघातात विमा कंपनी बोट दाखवायला मोकळी. पेट्रोलचा काटा लाल रेषेवर ठेवून कायम गॅसवर फिरण्याची सवय महागात पडते. पेट्रोलचा पंप टाकीत बुडालेला असतो आणि पेट्रोलच त्याला थंड ठेवते. पाव टाकी पेट्रोल नेहमी असावे आणि रोज थोडे अंतर पेट्रोलवर चालवावे. गॅसवर व्हॉल्व्ह जास्त तापतात, त्यामुळे टॅपेटचे, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणाऱ्या भागाचे, अंतर मॅन्युअलमध्ये दिलेल्या टप्प्याला तपासून घ्यावे. स्पार्क प्लगही पेट्रोल गाडीपेक्षा लवकर झिजतात.

आता ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलबद्दल. ‘इथेनॉलने इंजिन संपते’ आणि ‘काहीही फरक पडत नाही’ अशा दोन्ही टोकांची विधाने ऐकू येतात. उसाच्या पट्ट्यात दुसरे विधान जरा जास्त ऐकू येते, त्याचे कारण सांगायला नको. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी असते, त्यामुळे अॅव्हरेज घटणारच. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच शुद्ध पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि ई-१० ला जुळवलेल्या चारचाकींचे अॅव्हरेज ६ ते ७ टक्क्यांनी, तर ई-१० साठी बनवून ई-२० ला जुळवलेल्या गाड्यांचे १ ते २ टक्क्यांनी घटेल असे म्हटले आहे. एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्यांतले रबर व धातूचे भाग ई-२० ला चालतील असे बनवलेले आहेत. त्याआधीच्या गाडीचे इंजिन उद्याच बसेल असे नाही, पण इंधनाचे रबरी पाइप, ओ-रिंग आणि गॅस्केट यांवर दर सर्व्हिसला नजर हवी. चिरा पडल्या, पाइप फुगला किंवा पेट्रोलचा वास आला की तो भाग बदलावा, वाट पाहू नये. इथेनॉल हवेतले पाणी ओढून घेते. म्हणून महिनोन् महिने उभी राहणारी गाडी अर्ध्या टाकीवर ठेवणे वाईट. टाकी भरून ठेवावी किंवा पंधरा दिवसांतून एकदा चांगली फिरवून आणावी. पंपावर मिळणाऱ्या ‘इथेनॉल ट्रीटमेंट’च्या बाटल्यांवर पैसे घालवण्याआधी मॅन्युअलमध्ये अॅडिटिव्हबद्दल काय लिहिले आहे ते वाचावे.

यानंतर सर्व्हिसिंगचे बिल, कारण वाचकांचा सर्वाधिक संताप तिथेच असतो, आणि तो रास्तही आहे. बहुतेक पेट्रोल कारचे वेळापत्रक १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, यांपैकी जे आधी होईल ते, असे असते. तेव्हा ऑइल, ऑइल फिल्टर आणि ड्रेन प्लगचा वॉशर बदलायचा. एअर फिल्टर, एसीचा केबिन फिल्टर, स्पार्क प्लग, कूलंट, ब्रेक ऑइल यांचे स्वतंत्र टप्पे मॅन्युअलच्या तक्त्यात दिलेले असतात. हा तक्ता दीड-दोन पानांचा असतो. तो मोबाइलवर फोटो काढून सर्व्हिसला जाताना जवळ ठेवला तरी निम्मे वाद मिटतात.

बिलात काय पाहावे? पहिले, ऑइलचा ग्रेड. हल्लीच्या अनेक छोट्या पेट्रोल इंजिनांना ०डब्ल्यू-१६ किंवा ०डब्ल्यू-२० इतके पातळ ऑइल लागते. ‘एवढे पाण्यासारखे ऑइल कसले’ म्हणत २०डब्ल्यू-५० घालणारे मिस्त्री अजून आहेत. या इंजिनांतल्या फटी आणि ऑइलचे मार्ग पातळ ऑइल धरून आखलेले असतात, व्हॉल्व्हचे टायमिंग बदलणारी यंत्रणाही ऑइलच्या दाबावरच हलते. जाड ऑइलने सकाळच्या पहिल्या काही सेकंदांत, म्हणजे झीज सर्वात जास्त होते नेमकी तेव्हा, वरचे भाग कोरडे राहतात. दुसरे, ऑइलचे प्रमाण. छोट्या चार सिलिंडर पेट्रोल इंजिनात फिल्टरसह साधारण तीन ते साडेतीन लिटर मावते. बिलावर चार लिटर लावले असेल तर उरलेले मागून घ्यावे किंवा नेमके किती ओतले ते विचारावे. डिझेलचे ऑइल हजार किलोमीटरमध्ये काळे पडते, त्यावरून ते बाद झाले असे ठरवू नये. काजळी धरून ठेवणे हे त्याचे कामच आहे.

तिसरे, वेळापत्रकात नसलेली कामे. इंजिन फ्लश, डीकार्बनायझेशन (साचलेला कार्बन काढणे), इंजेक्टर क्लीनिंग, एसी डिसइन्फेक्शन, टेफ्लॉन कोटिंग, अंडरबॉडी कोटिंग, उंदीर पळवणारा फवारा. सगळी मिळून चार-पाच हजारांची भर पडते. ही सगळी फसवणूक आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. ज्या इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारले जाते, म्हणजे अनेक नव्या टर्बो पेट्रोल गाड्या, त्यांत इनटेक व्हॉल्व्हच्या मागच्या बाजूला कार्बन साचतो, कारण त्या जागेवर पेट्रोल पडतच नाही. तिथे ठरावीक अंतरानंतर सफाईला अर्थ आहे. साध्या एमपीएफआय इंजिनात इंजेक्टर व्हॉल्व्हच्या मागेच फवारतो, ती जागा रोज धुतली जाते. अशा गाडीला दहा हजार किलोमीटरवर डीकार्बनायझेशन सांगणारा सल्लागार गाडी पाहून बोलत नसतो, त्या महिन्याचे टार्गेट पाहून बोलत असतो. कोकणात राहणाऱ्याला किंवा समुद्रकाठी गाडी लावणाऱ्याला अंडरबॉडी कोटिंग उपयोगी पडते, माण तालुक्याच्या दुष्काळी पट्ट्यातल्या गाडीला त्याची गरज फारशी नाही.

गंमत अशी, की ही कामे गळ्यात मारणारेच वेळापत्रकातली खरी कामे विसरतात. ब्रेक ऑइल हे त्यातले मुख्य. ते हवेतली ओल शोषून घेते. डॉट-४ प्रतीचे नवे ऑइल किमान २३० अंशांना उकळते, ओल शिरल्यावर ही मर्यादा १५५ पर्यंत खाली येऊ शकते. भरल्या गाडीने पसरणी किंवा आंबेनळी घाट उतरताना ब्रेक सतत दाबला की कॅलिपरमध्ये, म्हणजे चाकाजवळ पॅड दाबणाऱ्या भागात, ऑइल उकळते, वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल जमिनीला टेकते. ब्रेक पॅड नवेकोरे असले तरी हे होते. म्हणून साधारण दोन वर्षांनी ते बदलावे, खर्च किरकोळ असतो. कॅलिपरच्या सरकत्या पिना साफ करून त्यांना योग्य ते ग्रीस लावणे हेही असेच वगळले जाणारे काम. पिना अडकल्या की एका बाजूचा पॅड झिजून पत्र्यापर्यंत येतो आणि दुसऱ्या बाजूचा जसाच्या तसा राहतो. कूलंटच्या टाकीत नळाचे पाणी ओतू नये, आणि रंग सारखा म्हणून दोन वेगळ्या जातींचे कूलंट मिसळू नये. रंगाला कसलेही प्रमाण नाही. सनरूफ असेल तर तिच्या कोपऱ्यांतून पाणी खाली नेणाऱ्या बारीक नळ्या पावसाळ्यापूर्वी मोकळ्या करून घ्याव्यात. त्या तुंबल्या की पाणी छताच्या कापडातून किंवा थेट पायाखालच्या गालिच्यात उतरते, आणि गालिच्याखाली वायरिंगचे जोड असतात. नळीत तार घालू नये, आत ती निसटते. हलक्या दाबाची हवा पुरते.

एक गोष्ट मात्र सर्व्हिस सेंटरच्या बाजूने सांगायला हवी. मॅन्युअलमध्ये साध्या वापराचा एक आणि कठीण वापराचा दुसरा असे दोन तक्ते असतात. धूळ, सतत छोटे फेरे, घाट, तासन् तास ट्रॅफिकमध्ये उभे राहणे हे सगळे दुसऱ्या तक्त्यात मोडते. उसाच्या हंगामात शेतरस्त्याने रोज जाणाऱ्या गाडीचा एअर फिल्टर निम्म्या अंतरात बदला असे कोणी सांगितले तर तो लुबाडत नाही.

बाहेरच्या गॅरेजमध्ये काम केले तर वॉरंटी जाते का, हाही नेहमीचा प्रश्न. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने सुट्या भागांच्या बाबतीत १४ कार कंपन्यांविरुद्ध निकाल दिला. निव्वळ बाहेर दुरुस्ती केली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट घालू नये, असेही त्यात बजावले होते. कंपन्या त्यावर अपिलात गेल्या. व्यवहारात शहाणपणाचे हे की वॉरंटी असेपर्यंत ठरलेली सर्व्हिस अधिकृत ठिकाणी करावी आणि टायर, बॅटरी, अलाइनमेंट ही कामे खुशाल बाहेर करावीत. वायर कापणारे कोणतेही काम मात्र बाहेर करू नये. जादा वॉटचे दिवे, मोठा हॉर्न, अॅम्प्लिफायर बसवताना मूळ वायरीला टाका मारला की इलेक्ट्रिकलची वॉरंटी हातची जाते. हौशी सामानात दोन गोष्टी तर धोक्याच्या आहेत. सीटच्या कडेतून उघडणाऱ्या एअरबॅगवर पूर्ण बाजू शिवलेले सीट कव्हर चढवले तर बॅग उघडताना अडते. पुढे लोखंडी गार्ड लावले तर धक्का सेन्सरपर्यंत पोचण्याची रीतच बदलते, ते बेकायदाही आहे. काचेमागे कॅमेरा असलेल्या गाडीची पुढची काच बदलली तर कॅमेरा पुन्हा जुळवून घ्यावा लागतो. बाहेर काच स्वस्त मिळाली तरी हे काम तिथे होते का ते आधी विचारावे.

ऑटोमॅटिक गाड्यांबद्दल ‘गियरची कटकट नाही’ एवढेच पाहून निर्णय होतो. एएमटी, डीसीटी (दोन क्लचचा गिअरबॉक्स), सीव्हीटी आणि टॉर्क कन्व्हर्टर हे चारही प्रकार वेगळे आहेत. एएमटीमध्ये आत साधा मॅन्युअल गिअरबॉक्स आणि साधाच क्लच असतो, फक्त तो दाबण्याचे आणि गियर बदलण्याचे काम यंत्रणा करते. खंबाटकीच्या चढावर ट्रॅफिकमध्ये ब्रेक न लावता अॅक्सिलरेटरवर गाडी तोलून धरली की हा क्लच जळतो, अगदी नवशिक्या चालकाच्या हाफ क्लचसारखा. कोरड्या क्लचच्या डीसीटीचेही तेच, शिवाय तापल्यावर तो इशारा देऊन काम थांबवू शकतो. पुढची गाडी चार-पाच मीटर सरकू द्यावी आणि मगच आपली हलवावी, इंच-इंच रेटू नये. सीव्हीटीमध्ये पट्टा आणि पुली असतात, तिचे जीवन तिच्या खास ऑइलवर अवलंबून आहे. टॉर्क कन्व्हर्टर या सगळ्यांत जास्त सोशिक, थोडे पेट्रोल जास्त पिणारा. ‘लाइफटाइम ऑइल, बदलावे लागत नाही’ असे शोरूममध्ये सांगितले तरी कठीण वापराच्या तक्त्यात त्याचा टप्पा दिलेला आहे का ते पाहावे. उतारावर प्रकार कोणताही असो, ‘डी’मध्ये ठेवून ब्रेकवर उतरू नये. ‘एल’ किंवा मॅन्युअल मोडमध्ये खालचा गियर धरावा.

टायरच्या बाजूवर चार आकडे एका चौकटीत असतात. ३५२४ म्हणजे २०२४ सालचा ३५वा आठवडा. नवी गाडी ताब्यात घेताना पाचही टायरांचे हे आकडे पाहावेत, गाडी यार्डात किती काळ पडून होती त्याचा अंदाज त्यावरून येतो. हवेचा दाब टायरवर लिहिलेला नव्हे, चालकाच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवरचा धरावा आणि टायर थंड असताना भरावा. नायट्रोजनला जादा पैसे देण्याची गरज नाही, साध्या हवेत ७८ टक्के तोच असतो. सिग्नलला आपोआप बंद होणाऱ्या इंजिनाच्या गाडीला वारंवार स्टार्ट सोसणारी ईएफबी किंवा एजीएम प्रकारची बॅटरीच लागते. तिथे स्वस्तातली साधी बॅटरी बसवली तर ती लवकर मान टाकते.

पावसाळ्याबद्दल सविस्तर सांगायलाच हवे, कारण एका चुकीत अख्खे इंजिन जाते. पाण्यात गाडी बंद पडली किंवा रात्रभर पाण्यात उभी राहिली तर स्टार्ट करून पाहू नये. एकदाही नाही. हवेच्या वाटेने सिलिंडरमध्ये पाणी गेलेले असेल तर पिस्टन वर येताना ते दाबले जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. बटण दाबून सुरू होणारी गाडी तर नुसती उघडली, दिवे लावले तरी ओल्या वायरिंगमधून वीज फिरते. पाणी ओसरल्यावर शक्य असेल तर बॅटरीची निगेटिव्ह वायर काढावी, फोटो काढावेत, विमा कंपनीला कळवावे आणि गाडी टो करून न्यावी. कॉम्प्रिहेन्सिव्ह विमा पॉलिसीत (नुसत्या थर्ड पार्टीत नव्हे) पुराचे नुकसान असते, पण पाणी गेल्यावर स्टार्ट मारून इंजिन फोडले तर तो ‘परिणामी तोटा’ म्हणून नाकारला जातो. त्यासाठी इंजिन प्रोटेक्टचे वेगळे कलम घ्यावे लागते. मुंबई, कोल्हापूर, सांगली, चिपळूण इथल्या मालकांनी ते टाळू नये.

विमा शोरूममधूनच घेतला पाहिजे अशी कोणतीही सक्ती नाही. तीच कलमे, तीच आयडीव्ही (विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत) धरून बाहेरचा दर मागवावा आणि समोर ठेवावा. झिरो डेप (घसारा न कापण्याचे कलम) नसेल तर प्लास्टिक व रबराच्या भागांवर ५० टक्के घसारा कापला जातो, आणि आजच्या बंपरात प्लास्टिकशिवाय दुसरे काय असते? नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दलची सवलत) मालकाचा असतो, गाडीचा नव्हे. जुनी गाडी विकताना तो नव्या गाडीवर लावून घ्यावा. दहा लाखांवरच्या गाडीवर घेतलेला एक टक्का टीसीएस (विक्रेत्याने आधीच गोळा केलेला आयकर) हा खर्च नसतो, आयकर विवरणपत्र भरताना तो देय करातून वजा होतो. अनेकजण ते विसरतात.

जुनी बीएस-६ गाडी घेणाऱ्यांनी तरी स्कॅनर लावल्याशिवाय सौदा करू नये. स्टिअरिंगखालच्या सॉकेटला तो दोन मिनिटांत जोडला जातो. त्रुटींचे कोड शून्य दिसले म्हणून समाधान मानू नये. ‘रेडिनेस मॉनिटर’, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरने स्वतः करायच्या तपासण्या, पूर्ण झालेत का ते बघावे. ते अपूर्ण असतील तर बहुधा कोड नुकतेच पुसलेले आहेत किंवा बॅटरी नुकतीच काढलेली आहे. डिझेल असेल तर डीपीएफमधली काजळीची पातळी आणि शेवटचे रीजनरेशन किती किलोमीटरपूर्वी झाले हेही अनेक गाड्यांत त्याच स्कॅनरवर दिसते.

या सर्व माहितीपैकी बरीचशी गाडीच्या मॅन्युअलमध्ये आहे. ते इंग्रजीत आणि चारशे पानांचे असते, म्हणून डॅशबोर्डच्या कप्प्यात पावत्यांखाली पडून राहते. कंपन्यांना मराठीत जाहिराती करता येतात, तर देखभालीचा तक्ता, ऑइलचा ग्रेड व प्रमाण, दिव्यांचे अर्थ आणि पाण्यात अडकल्यास काय करावे एवढी दहा-बारा पाने मराठीत छापून देणे अवघड नाही. दुसरी मागणी सर्व्हिस सेंटरांसाठी. जॉब कार्डवर सुचवलेल्या प्रत्येक कामासमोर एक रकाना असावा आणि त्यात मॅन्युअलचा पान क्रमांक लिहावा. ज्या कामाला पान क्रमांक नाही, त्यासमोर ‘ऐच्छिक’ असे लिहून ग्राहकाची वेगळी सही घ्यावी. ग्राहक संघटनांनी आणि परिवहन खात्याने याचा आग्रह धरावा, एवढे आपल्या पत्रातून सुचवीत आहे.

कळावे,
आपला,
एक गॅरेजचालक, सातारा